पासष्ट हजार भरून पहिला कथासंग्रह काढावा का?

प्रश्न, थोडक्यात: ताई, मी विट्याच्या एका पतसंस्थेत सोनेतारण विभागात काम करते. आतापर्यंत चौदा कथा लिहिल्या आहेत. त्यातल्या चार फेसबुकवर टाकल्या, लोकांना खूप आवडल्या. आता एका प्रकाशकांनी कथासंग्रह काढायची तयारी दाखवली आहे. पासष्ट हजार रुपये मागतात, तीनशे प्रती छापणार, त्यातल्या शंभर मला देणार. काढावा का? कथा खरंच बऱ्या आहेत का, हे कसं ओळखायचं? आणि कथांमधली माणसं इथल्या लोकांना ओळखू येतील अशी भीती वाटते, तर टोपणनाव घेऊ का? सोबत एक कथा आणि कराराचा मसुदा पाठवत आहे.

पैसे भरू नका. आत्ता तर नकोच, आणि या करारावर कधीच नको. का ते सांगते. पण आधी कथेबद्दल बोलू, कारण तुमचा मधला प्रश्न खरा आहे आणि तोच तुम्ही सगळ्यात घाईत विचारलाय.

माझं काम हस्तलिखितं वाचण्याचं. वर्षभर एका प्रकाशनगृहासाठी, आणि उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत दिवाळी अंकासाठी. त्यामुळे तुमची ‘नियतीचा खेळ’ मी जशी इतर कथा वाचते तशीच वाचली, हातात पेन्सिल घेऊन. तिची सुरुवात अशी आहे:

“आयुष्य म्हणजे ऊन-सावलीचा खेळ. कधी सुखाची झुळूक, तर कधी दुःखाचा वणवा. सुमनच्या वाट्याला मात्र वणवाच आला होता. नियतीच्या मनात काय होते कोण जाणे! डोळ्यांत दाटून आलेले अश्रू महत्प्रयासाने आवरत, जड अंतःकरणाने तिने आपले सौभाग्यलेणे काउंटरवर ठेवले.”

या परिच्छेदात तुमचं स्वतःचं काही नाही. झुळूक, वणवा, नियती, जड अंतःकरण हे सगळं आपण शाळेतल्या निबंधांतून आणि रात्रीच्या मालिकांमधून उचललेलं असतं. विट्यात बसून लिहिलं काय आणि वाशीत बसून लिहिलं काय, हा परिच्छेद असाच्या असा येईल. संपादकाकडे मे-जूनमध्ये कथांचा ढीग असतो. पहिल्या पानावर नियती भेटली की पेन्सिल खाली ठेवली जाते, हे कठोर वाटलं तरी खरं आहे.

मी वाचत राहिले, कारण तुम्ही सोनेतारणात काम करता हे पत्रात लिहिलं होतं. चौथ्या पानावर हे आलं:

“सराफाने डोरलं ताटलीत ठेवलं. वजन बघितलं. मग उचलून पुन्हा न्याहाळलं.
‘मावशी, मन्यांचं वजन धरत न्हाई आपण. वाट्या तेवढ्या धरायच्या.’
‘मग मनी द्या की माघारी.’
‘दोरा तोडावा लागंल.’
सुमन गप्प बसली. मंगळसूत्राचा दोरा तोडणे म्हणजे तिच्या संसाराचाच दोरा तोडण्यासारखे होते!”

तुमची कथा इथे सुरू होते. नवरा कोइमतूरला गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) दुकानावर, कित्येक महिने फोन नाही, आणि काउंटरपलीकडचा माणूस कोरडेपणाने, रोजचं काम म्हणून सांगतोय की दोरा तोडावा लागेल. त्याला त्यात काही वेगळं म्हणायचं नाहीये. तिला मात्र ते वेगळं ऐकू आलंय. वाचकालाही ऐकू आलंय. आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही ‘संसाराचाच दोरा’ म्हणून ते समजावून सांगायला धावलात. ते वाक्य काढा. ‘सुमन गप्प बसली’ वर थांबा. पुढच्या ओळीत सराफाला कात्री शोधू द्या.

आता पहिली तीन पानं. त्यात सुमनचं माहेर, लग्न, सासूचा स्वभाव, नवऱ्याचं परमुलखी जाणं हे सगळं क्रमाने येतं. यातलं जे वाचकाला लागेल तेवढंच काउंटरवर आणा. तुम्हाला माहीत आहे की कर्जाच्या अर्जावर पतीचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर विचारतात. मग कारकून मुलगी विचारू दे: “मालकांचा नंबर सांगा.” सुमनने नंबर पाठ म्हणून दाखवू दे. मुलीने तो लावून बघू दे. तीन पानांचं काम सात-आठ ओळींत होईल, आणि कुठेही ‘ती एकाकी होती’ असं लिहावं लागणार नाही. पावतीवर ढोबळ वजन आणि निव्वळ वजन असे दोन रकाने असतात, ते तर तुम्ही कथेत आणलेच नाहीत! अकरा ग्रॅमचे आठ ग्रॅम कसे होतात हे तुमच्याइतकं जवळून पाहणारे लोक कथा लिहीत नाहीत. तुमच्या विट्याभोवतालच्या खानापूर-आटपाडी तालुक्यांतली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, पण त्यांच्या मागे राहिलेल्या बायका मराठी कथेत फारशा आलेल्या नाहीत. हा मुलूख तुमचा आहे. तो सोडून नियतीच्या मागे कशाला जाता?

नाव बदला. ‘वाट्या’ ठेवा, किंवा ‘निव्वळ वजन’. ‘नियतीचा खेळ’ या नावाच्या कथा माझ्याकडे दर मोसमात येतात.

भाषेबद्दल दोन गोष्टी. संवादातली बोली तशीच ठेवा, पण एका रूपावर ठाम राहा. सराफ एकदा ‘न्हाई’ म्हणतो, पुढे ‘नाय’ म्हणतो आणि शेवटी ‘नाही’ म्हणतो. एका कागदावर प्रत्येक पात्राचे असे दहा-वीस शब्द लिहून ठेवा आणि तोच कागद नंतर मुद्रितशोधन करणाऱ्याला द्या, नाहीतर तो बिचारा प्रमाणभाषेच्या ओढीने सगळी बोली सपाट करून ठेवेल. निवेदनात ‘ठेवलं’ लिहायचं की ‘ठेवले’, हेही एकदाच ठरवा; तुमच्याकडे एकाच पानावर दोन्ही आहेत. शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. एका रविवारी वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांपायी कुणी चांगली कथा परत करत नाही, पण पहिल्याच पानावर त्या ढिगाने असल्या की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

कथा बरी आहे का हे कसं कळायचं? फेसबुकवर आवडली म्हणणारे बहुतेक जण तुम्हाला ओळखतात, आणि त्यांना लाइकचा अंगठा दाबायला काही पडत नाही. तुमच्या सराफाकडे दगडाची कसोटी असते. इथेही एक कसोटी आहे: तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमच्या कथेवर स्वतःचा वेळ किंवा स्वतःचा पैसा घालायला तयार आहे का? संपादक वेळ घालतो. प्रकाशक पैसा घालतो. वाचनालयातला वाचक दुपार घालतो. यातलं एक तरी घडेपर्यंत कथा तयार आहे असं मानू नका. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच कसोटीवरून येतं.

तोवर घरगुती उपाय म्हणून एवढं करा. कथा कागदावर छापून घ्या आणि मोठ्याने वाचा. जिथे तुमचीच जीभ अडखळते किंवा पुढे पळावंसं वाटतं तिथे खूण करा. मग नातेवाईक नसलेल्या एखाद्या वाचणाऱ्या माणसाला द्या. ‘कशी वाटली’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. पेन्सिल द्या आणि सांगा की जिथे कंटाळा आला तिथे रेघ मारा. रेघेबद्दल वाद घालायचा नाही. त्याने सुचवलेला उपाय बहुधा चुकीचा असतो, पण रेघ जिथे पडली तिथे काहीतरी दुखतंय हे नक्की.

आता कुठे पाठवायची. आपल्याकडे कथेचं मोठं दार अजूनही दिवाळी अंकच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून हे चालू आहे. वर्षभर कथा छापणारी मासिकं रोडावली, त्यामुळे दिवाळीवरचा भार उलट वाढला. एके काळी ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत करताना सविस्तर पत्रं लिहीत, त्या पत्रांवर लेखक घडत. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. आज बहुतेक ठिकाणी नकाराचंसुद्धा उत्तर येत नाही. मेल कुठेतरी पडून राहते. त्याचा राग धरू नका. अंक काढणारी माणसं दोन-तीन असतात, आणि तीच जाहिरातींसाठीही फिरत असतात.

पाठवण्याआधी गेल्या वर्षीचे अंक वाचा. तुमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असेलच, थोडी वर्गणी भरून सगळे अंक वाचायला मिळतात. कोण कथेला किती पानं देतं, नवीन नावं छापतं का, ग्रामीण बोलीचं वावडं आहे का, हे अनुक्रमणिका आणि दोन-दोन कथा पाहिल्या तरी कळतं. ‘मौज’, ‘अक्षर’, ‘साधना’ अशांकडे जरूर पाठवा, पण केवळ तिथेच पाठवून वाट बघत बसू नका. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या नेटक्या अंकांमध्येही चांगला संपादक भेटतो, आणि त्याला तुमचा मुलूख माहीत असतो. विनोदी अंकाला, ज्योतिषाच्या अंकाला, पाककृतींच्या अंकाला ‘वाट्या’ पाठवू नका, एवढं सांगायची खरं तर गरज नसावी. पण लोक पाठवतात.

वेळापत्रक लक्षात घ्या. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असो की नोव्हेंबरमध्ये, अंकाची जुळणी आषाढात सुरू होते आणि गणपती उठेपर्यंत पानं बहुतेक लागलेली असतात. न मागता आलेली कथा ऑगस्टअखेर पोचली तर ती कुणी उघडणारही नाही. एप्रिल ते जून हा तुमचा काळ. शब्दमर्यादा अंकाने दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर अडीच ते साडेतीन हजार शब्दांची कथा कुठेही बसवता येते. नऊ हजार शब्दांची कथा कितीही चांगली असली तरी नव्या नावासाठी तेवढी पानं कुणी मोकळी ठेवत नाही. ती संग्रहासाठी राखा.

फाइल युनिकोडमध्ये, वर्डची. फोनवर टंकलेली चालते. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत करून घेतलेली फाइलही नको. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा उकिरडा दिसतो. पत्र तीन-चार वाक्यांचं पुरे:

“सोबत ‘वाट्या’ ही २,८०० शब्दांची अप्रकाशित कथा पाठवत आहे. मी विट्यात पतसंस्थेच्या सोनेतारण विभागात काम करते. ही कथा अन्यत्र दिलेली नाही. ऑगस्टच्या पंधरा तारखेपर्यंत आपला निर्णय कळला नाही तर ती दुसरीकडे पाठवायला मोकळी आहे असे समजेन.”

एवढंच. कथेचा सारांश नको, ‘गोड मानून घ्यावी’ नको, शाळेतल्या बक्षिसांची यादी नको. शेवटचं वाक्य उद्धट वाटेल म्हणून लोक गाळतात, आणि मग एकच कथा दोन अंकांत छापून येते. असं झालं की दोन्ही संपादक कायमचे दुरावतात. एका वेळी एक कथा एकाच अंकाकडे, हा नियम मोडू नका. तुमच्याकडे चौदा कथा आहेत, चौदा अंक आहेत, अडचण काय?

अडचण त्या चार कथांची आहे. फेसबुकवर किंवा प्रतिलिपीसारख्या ॲपवर टाकलेली कथा बहुतेक संपादक प्रकाशित धरतात. ती काढून टाकून ‘अप्रकाशित’ म्हणून पाठवू नका. कुणीतरी वाचक स्क्रीनशॉट पाठवतोच. त्या चार बाजूला ठेवा, संग्रहात घेता येतील. उरलेल्या दहा यापुढे कुठेही टाकू नका.

आता तुमचा करार. आकड्यांनी सुरुवात करते.

पासष्ट हजारांत तीनशे प्रती, म्हणजे प्रतीमागे सुमारे २१७ रुपये. पण तुमच्या हाती येणार शंभर. म्हणजे तुम्ही प्रत्येक प्रतीला ६५० रुपये मोजताय. उरलेल्या दोनशे प्रती प्रकाशकाच्या, आणि त्यांचा खर्च त्याला कधीच मिळून चुकलेला. त्या विकायची त्याला गरजच राहत नाही. विकल्या तर वरकमाई, नाही विकल्या तरी बिघडलं काही नाही. मसुद्यात वितरणाबद्दल ‘प्रयत्न केला जाईल’ एवढंच आहे, ते याचमुळे.

याउलट स्वतःचा पैसा घालणाऱ्या प्रकाशकाचं गणित बघा. समजा पुस्तक १६० पानी, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (छपाईचे दुमडलेले ताव), किंमत २५० रुपये. विक्रेता आणि वितरक मिळून ४५ टक्के सूट घेतात, उरले साधारण १३७. लेखकाचं मानधन छापील किमतीच्या १० टक्के धरलं तर २५ गेले. कागद, छपाई, बांधणी प्रतीमागे ७५ धरा (दर शहर आणि प्रतींच्या संख्येप्रमाणे बदलतात). हाती राहिले सदतीस-अडतीस रुपये. त्यातून संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं. आणि हे सगळं प्रत विकली गेली तर. पाचशे प्रती काढल्या तर पहिल्या दिवशीच साडेसदतीस हजार नुसत्या छपाईत अडकतात. वाचनालयांच्या खरेदीवर हे गणित बऱ्याच अंशी उभं असतं, आणि त्यांची अनुदानं वेळेवर येतातच असं नाही. म्हणून प्रकाशक नव्या लेखकाचा कथासंग्रह म्हटला की आधी दचकतो. त्या नकारात तुमच्या कथांबद्दलचं मत असतंच असं नाही. पण हे गणित मांडूनही जो हो म्हणतो, तो तुमचं पुस्तक विकायला धडपडतो, कारण त्याचे पैसे अडकलेले असतात.

मसुद्यातलं सातवं कलम तर विलक्षण आहे: “सदर पुस्तकाचे सर्व प्रकारचे सर्व हक्क लेखिकेने प्रकाशकास कायमस्वरूपी दिले आहेत.” म्हणजे पैसेही तुम्हीच द्यायचे आणि हक्कही तुम्हीच सोडायचे! कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाने तुम्ही नातवंडांपर्यंतचं देऊन टाकताय. कायद्याचं १९ वं कलम लेखकाच्या बाजूचं आहे, ते माहीत असू द्या. हक्क द्यायचे तर ते लेखी हवेत, कोणत्या कृतीचे, कोणते, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी ते त्यात यायला हवं. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन प्रकाशक एक वर्ष नुसताच बसून राहिला, तर करारात वेगळं काही म्हटलं नसल्यास ते हक्क परत तुमचे होतात.

त्यामुळे पुढे कधीही, कुणाशीही करार करताना हे कलम असं करून मागा: मराठी भाषेतील छापील पुस्तकाचे हक्क, पाच वर्षांसाठी. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाटक, चित्रपट आणि वेबमालिका यांचे हक्क लेखिकेकडे. प्रकाशकाला त्यातलं काही हवं असेल तर त्याचं स्वतंत्र कलम आणि स्वतंत्र वाटा. दरवर्षी जूनअखेर विक्रीचा हिशेब. पुस्तक वर्षभर बाजारात उपलब्ध नसेल तर हक्क परत. चांगले प्रकाशक यावर घासाघीस करतील, रागावणार नाहीत. रागावला तर उत्तर मिळालं. कॉपीराइटची नोंदणी मात्र सक्तीची नाही. कथा लिहिली त्या क्षणी हक्क तुमचा होतो. ‘आम्ही कॉपीराइट काढून देतो’ म्हणून कुणी पाच-सहा हजार मागितले तर सांगा की सरकारी शुल्क कृतीमागे पाचशे रुपये आहे आणि अर्ज मी स्वतः करू शकते.

पैसे न भरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेकांना उशिरा कळतं. पहिलं पुस्तक एकदाच निघतं, आणि पहिल्या पुस्तकासाठी म्हणून राखलेल्या काही गोष्टी आपल्याकडे आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशांसाठीच आहे. मंडळ दरवर्षी साहित्य मागवतं, ते परीक्षकांकडून वाचून घेतलं जातं आणि पसंत पडलं तर प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचा वेगळा गट आहे. तीनशे प्रतींच्या त्या पुस्तकाने तुम्ही अनुदानातून बाद व्हाल, आणि प्रथम प्रकाशनाच्या गटात तुमच्या नावाने जाईल ते न संपादलेलं, ‘नियतीचा खेळ’ असलेलं पुस्तक.

प्रकाशक पारखायचा कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. त्याने गेल्या दोन वर्षांत काढलेली चार पुस्तकं निवडा आणि ती दुकानात मागा. सांगलीत, कोल्हापुरात, कुणी पुण्याला जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात. साहित्य संमेलनातल्या ग्रंथदालनात त्याचा गाळा असतो का बघा. ऑनलाइन दुकानात नुसतं मुखपृष्ठ दिसणं धरू नका. मग पुस्तक उघडून श्रेयपान वाचा: मुद्रक, मुखपृष्ठकार, आवृत्तीची तारीख, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक). आत दहा पानं चाळून मुद्रणदोष मोजा. त्याच्या एखाद्या लेखकाला फोन करा आणि एकच विचारा, हिशेब येतो का. हे सगळं एका महिन्यात होण्यासारखं आहे.

स्वखर्चाने पुस्तक काढणं वाईट असं मी म्हणत नाही. वडिलांच्या आठवणी, गावाचा इतिहास, घरच्यांसाठी कवितांची वही, यासाठी तोच सरळ मार्ग. पण मग मध्यस्थ कशाला? स्वतः प्रकाशक व्हा. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करून, विनामूल्य. लेखकाला स्वतःच्या नावेही घेता येतो. छापखान्याला नेमकं सांगून दर मागा: डेमी आकार, १६० पानं, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड कागद, ३०० जीएसएमचं बहुरंगी मुखपृष्ठ लॅमिनेशनसह, परफेक्ट बाइंडिंग, शंभर प्रती. तीन ठिकाणचे दर घेतलेत की पासष्ट हजारांत नफा किती होता ते तुम्हाला आपोआप दिसेल. वाचलेल्या पैशांतून संपादन आणि मुद्रितशोधन यांसाठी दोन वेगळी माणसं नेमा. ही दोन कामं एकच माणूस करू शकत नाही, तो कितीही म्हणाला तरी. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, तेवढं विसरू नका.

‘प्रातिनिधिक कथासंग्रहा’त पानामागे पैसे घेऊन कथा छापणारे, आणि प्रवेशशुल्क भरलं की ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार देणारे, या दोघांपासून लांब राहा. फेटा, शाल आणि सन्मानचिन्ह यांनी संपादकाच्या मनात काहीही हलत नाही.

संग्रहाकडे कधी वळायचं? तुमच्या पाच-सहा कथा वेगवेगळ्या संपादकांच्या हाताखालून छापून आल्या की. तेव्हा चौदाच्या चौदा घेऊ नका. आठ-नऊ घ्या, आणि त्या एकाच मुलखातल्या असतील तर जास्त चांगलं: सोनेतारण, गलाई, परमुलखी गेलेले पुरुष, गावातले वृद्ध. तसा संग्रह प्रकाशकाला एका वाक्यात सांगता येतो आणि त्याला तो विक्रेत्याला एका वाक्यात सांगता येतो. मधल्या काळात नवीन कथा लिहीत राहा. माझा अंदाज आहे की आत्ताच्या चौदांतल्या निम्म्या तेव्हा तुम्हीच बाहेर काढाल.

राहिला टोपणनावाचा प्रश्न. विट्यासारख्या गावात ते महिनाभरसुद्धा टिकणार नाही. ओळख लपवायची आहे ती तुमची नाही, ग्राहकांची, आणि ती कथेतच लपवावी लागते. तुमच्याकडे दागिना ठेवणाऱ्या बाईचा व्यवहार तुम्ही नोकरीच्या विश्वासावर पाहता. गाव, दागिना, रक्कम, नवरा कुठल्या शहरात, मुलं किती, यातल्या निदान तीन गोष्टी बदला. डोरलं खऱ्या बाईचं असेल तर कथेत ते डोरलंच राहू द्या, कारण कथा त्याच्यावर उभी आहे. मग कोइमतूरचं लुधियाना करा, मुलगी असेल तिथे मुलगा करा, सासू काढून दीर आणा. एकाच बाईचं सगळं घेऊ नका, दोघी-तिघींचं एकत्र करा. संवाद मात्र बदलू नका. “दोरा तोडावा लागंल” हे तुमच्या काउंटरवर अनेकदा बोललं गेलं असेल, ते कुणा एकीचं नाही.

एवढं करूनही टोपणनाव हवंच असेल तर घ्या, कायद्याची आडकाठी नाही. फक्त करार खऱ्या नावाने करा, आणि संपादकाला पत्रातच दोन्ही नावं कळवा: छापायचं कोणतं आणि मानधन कोणत्या नावे काढायचं. टोपणनावाचा धनादेश आला तर तुमची पतसंस्थासुद्धा तो वटवून देणार नाही.